सूक्ष्मतरंगांची भट्टी आणि अणुइंधनाची गुटिका

चिकणमातीचे मडके नुसते उन्हात वाळविले तर त्यास आकार येतो. परंतु त्यात पाणी भरून ठेवले की थोड्याच वेळात त्याचा पुन्हा चिखल होतो. तेच मडके कुंभाराने आव्यात भाजून काढले म्हणजे मात्र त्यास पाण्याचे भय राहत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जोर्वे या गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेली तांबडी, काळ्या नक्षीची खापरे सुमारे तीन हजार वर्षे जमिनीत पडून होती. आजही त्यांवर टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद येतो. भाजण्याच्या क्रियेने एवढे स्थैर्य येते.

अणुभट्टीत जे इंधन वापरले जाते, त्याच्या घडणीतही हीच भाजण्याची क्रिया निर्णायक असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कोळसा जाळण्यासाठी भट्टीत घालावयाचा असतो. अणुइंधन मात्र अणुभट्टीत जाण्यापूर्वीच एकदा भट्टीतून तावूनसुलाखून निघालेले असते. ही भट्टी आजवर विजेच्या तारांनी तापविली जात आली. तिच्याऐवजी स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात तशा सूक्ष्मतरंगांनी हे काम करता येईल काय, असा विचार गेली काही दशके शास्त्रज्ञ करीत आहेत. त्या विचारामागील तत्त्व, त्यापासून मिळणारा लाभ आणि त्यात आड येणाऱ्या अडचणी यांची ओळख या पुस्तिकेत करून द्यावयाची आहे.

इंधन मृत्तिकेचे का?

तुर्भे येथील ‘सायरस’ या अणुभट्टीत १९६० पासून युरेनियम धातूच्या कांड्या वापरण्यात येत असत. संशोधनासाठी असलेल्या त्या भट्टीत तापमान बेताचेच असे, म्हणून धातू चालत होता. विजेच्या निर्मितीसाठी मात्र इंधनास याहून पुष्कळ अधिक ताप सोसावा लागतो. युरेनियम धातू सुमारे १,१३० अंश सेल्सियस तापमानास वितळतो, तप्त पाण्याशी त्याचा संयोग होतो आणि अणुविखंडन चालू असता तो फुगून वेडावाकडा होतो. उलट, युरेनियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग, म्हणजे युरेनियम डाय-ऑक्साइड, सुमारे २,८५० अंशांपर्यंत घनरूप राहते व पाण्यास दाद देत नाही. मातीची भांडी, विटा, चिनी माती यांच्याच कुळातील हे द्रव्य असल्याने त्यास मृत्तिकाद्रव्य म्हणतात. १९६९ साली तारापूर येथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला तेव्हापासून आपल्या देशातील वीजकेंद्रांच्या अणुभट्ट्या मुख्यतः याच मृत्तिकारूप इंधनावर चालत आल्या आहेत.

हे इंधन लहान लहान वृत्तचितींच्या रूपात घडविले जाते. अशा एका वृत्तचितीस आपण ‘गुटिका’ म्हणू. भारतीय जडपाणी अणुभट्ट्यांतील गुटिकेचा व्यास सुमारे १२ ते १४ मिलिमीटर असतो. म्हणजे ती बोटाच्या पेराहून फारशी मोठी नसते. तरीही तिच्यातून मिळणारी उष्णता, ढोबळ हिशेबाने, अर्धा टन कोळसा जाळून मिळणाऱ्या उष्णतेइतकी भरते. अशा अनेक गुटिका झर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकीपुढे एक बसवितात, नळीची दोन्ही तोंडे बंद करतात आणि अशा नळ्यांची जुडी बांधून ती अणुभट्टीत घालतात.

गुटिकेवर जबाबदारी मोठी असते. युरेनियमचा अणू फुटला म्हणजे त्याचे तुकडे किरणोत्सर्गी असतात आणि त्यांतील झेनॉन व क्रिप्टॉन ही तर वायुरूप असतात. हे सर्व तुकडे जेथल्या तेथे कोंडून ठेवणारी पहिली भिंत म्हणजे गुटिकाच होय. नळीचे कवच ही दुसरी भिंत. गुटिका सच्छिद्र राहिली तर वायू बाहेर निसटतात. शिवाय हे द्रव्य मुळातच उष्णतेचे मंद वाहक असल्याने छिद्रे अधिक झाली म्हणजे आतील उष्णता बाहेर येण्यास आणखी अडथळा होतो. नेहमीच्या स्थितीतही गुटिकेच्या पृष्ठभागापासून मध्यापर्यंतच्या सहा-सात मिलिमीटरांच्या अंतरात तापमान कित्येक शेकडा अंशांनी वाढत जाते. मग छिद्रे मुळीच नसावीत काय? तसेही नाही, विखंडनाने द्रव्य किंचित फुगते व त्या फुगण्यास थोडा अवकाश हवा असतो. म्हणून गुटिकेची घनता तिच्या कमाल शक्य घनतेच्या, म्हणजे दर घन सेंटिमीटरास १०.९७ ग्रॅम या आकड्याच्या, सुमारे ९५ ते ९७ टक्के राहावी असा दंडक असतो. हा दंडक पाळला जातो की नाही हे ठरते भट्टीत.

चूर्णापासून पाषाण

झारखंडातील जादुगुडा येथून येणाऱ्या युरेनियमच्या कच्च्या संयुगावर हैदराबादच्या अणुइंधन संकुलात अनेक रासायनिक प्रक्रिया होतात. १९७१ साली स्थापन झालेल्या या संकुलात अखेरीस युरेनियम डाय-ऑक्साइडचे बारीक चूर्ण तयार होते. हे चूर्ण साच्यात घालून मोठ्या दाबाखाली दाबले की कच्ची गुटिका मिळते. ती दिसावयास घट्ट दिसते. पण तिच्यातील जवळजवळ अर्धी जागा कणांमधील पोकळीनेच व्यापलेली असते, आणि ती बोटांत चुरगळण्याइतकी ठिसूळ असते.

ही कच्ची गुटिका सुमारे १,७०० अंशांपर्यंत तापवितात. हे तापमान वितळबिंदूच्या पुष्कळ खाली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयाची. मडके भाजताना मातीतील काही घटक वितळून त्यांची काच बनते व ती काच बाकीच्या कणांस सांधते. येथे मात्र काहीही वितळत नाही. तरीही कण एकमेकांस जोडले जातात. आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब एकमेकांस टेकले की त्यांचा एक मोठा थेंब होतो, कारण एका मोठ्या थेंबाचा पृष्ठभाग दोन लहान थेंबांच्या एकूण पृष्ठभागाहून कमी असतो आणि निसर्गाची ओढ पृष्ठभाग कमी करण्याकडे असते. घन कणांतही हीच ओढ असते; परंतु थंड स्थितीत त्यांतील अणू जागचे हलू शकत नाहीत. पुरेसा ताप मिळाला म्हणजे ते आपली जागा सोडून सरकू लागतात, कणांच्या स्पर्शबिंदूंशी गोळा होतात, तेथे मान तयार होते, ती रुंदावते आणि मधली पोकळी हळूहळू बुजत जाते. या क्रियेस इंग्रजीतून आलेले नाव सिंटरिंग. मराठीत तिला ‘तापपिंडन’ म्हणतात. तापपिंडनात गुटिकेचा व्यास सुमारे एक षष्ठांशाने आकसतो. मग सहाणेवर घासावी तशी ती यंत्रावर घासून नेमक्या मापास आणतात.

भट्टीचा धर्म

तापपिंडनाच्या भट्टीत मॉलिब्डेनम धातूच्या तारांतून वीज सोडून उष्णता निर्माण करतात. आतील वातावरण हायड्रोजनयुक्त ठेवावे लागते. कारण हवेतील ऑक्सिजन लागला तर युरेनियम अधिक ऑक्सिजन घेऊन निराळे संयुग बनेल. गुटिका मॉलिब्डेनमच्या तबकांत भरून भट्टीच्या एका तोंडाने सावकाश आत ढकलतात. तापणे, अत्युच्च तापमानात काही तास राहणे आणि निवणे या साऱ्यांत मिळून साधारणपणे एक दिवस जातो.

घाई करावयाची सोय नाही. भट्टीतील उष्णता प्रथम गुटिकेच्या अंगास लागते व मग आत झिरपते. जाड भाकरी मोठ्या आचेवर टाकली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसाच हा प्रकार. गुटिका झपाट्याने तापविली तर तिचे अंग आधी आकसते, गाभा मागे राहतो आणि त्या ओढाताणीत तिला तडा जातो. खेरीज, गुटिकांबरोबर भट्टीच्या भिंती, तबके व आतील वायू हे सर्वच तापवावे लागत असल्याने पुष्कळशी वीज गुटिकांच्या कामी येतच नाही.

इंधनात प्लुटोनियम असेल तर अडचण वाढते. युरेनियम व प्लुटोनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन तारापूर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रगत इंधननिर्मिती सुविधेत तयार करण्यात येते. प्लुटोनियमची धूळ श्वासावाटे शरीरात गेली तर अत्यंत घातक ठरते; म्हणून हे सर्व काम हवाबंद पेटीत, तिच्या भिंतीस जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागते. अशा पेटीत अवजड भट्टी बसविणे, ती थंड राखणे व बिघडल्यास दुरुस्त करणे ही किती जिकिरीची कामे असतील याची कल्पना वाचकांस सहज येईल. तेथे वाचलेला प्रत्येक तास म्हणजे कामगाराच्या शरीरावर पडणाऱ्या किरणांत झालेली घट होय.

सूक्ष्मतरंगांची ओळख

प्रकाश, उष्णतेचे किरण आणि रेडिओचे तरंग ही सर्व एकाच विद्युत्-चुंबकीय कुळातील भावंडे आहेत. त्यांपैकी ज्यांची तरंगलांबी सुमारे एक मिलिमीटर ते एक मीटर असते त्यांस सूक्ष्मतरंग म्हणतात. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्ता येथे काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांचे प्रयोग करून दाखविले होते. पुढे १९४० साली इंग्लंडात बूट आणि रँडल यांनी पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन बनविला व शक्तिशाली सूक्ष्मतरंग हाती आले. युद्धात त्यांचा उपयोग रडारसाठी झाला. युद्ध संपता संपता, १९४५ साली, अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी या तरंगांचा उपयोग अन्न शिजविण्याकडे करून घेतला.

बंगळूर शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत राजेश्वरी चटर्जी आणि त्यांचे पती शिशिरकुमार चटर्जी यांनी १९५० नंतरच्या दशकात सूक्ष्मतरंगांच्या अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घातला. त्याच संस्थेत पुढे के. जे. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने कार्बाइडे, नायट्राइडे यांसारखे कठीण पदार्थ बनविले व १९९९ साली या साऱ्या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या पुष्कळशा प्रयोगांस घरगुती बनावटीचा ओव्हन पुरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. जयनगरातील एखाद्या घरी ज्या ओव्हनमध्ये सकाळचे दूध तापते, त्याच जातीच्या तरंगांनी योग्य द्रव्य मात्र लालबुंद करून सोडता येते.

आतून तापणारी गुटिका

घरगुती ओव्हनमधील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते व त्यांची दर सेकंदास २४५ कोटी आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात विद्युत्-क्षेत्राची दिशा उलटते. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन व दुसरे ऋण असल्याने तो या क्षेत्राबरोबर वळू पाहतो, शेजाऱ्यांवर आदळतो आणि त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. चिनी मातीच्या कोऱ्या बशीत अशी घुसळण होत नाही, म्हणून दूध तापले तरी बशी पुष्कळशी थंड राहते.

युरेनियम डाय-ऑक्साइडमध्ये पाणी नसते. तरीही ते तापते, कारण ते अर्धसंवाहक आहे. त्यातील काही इलेक्ट्रॉन एका युरेनियम अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारू शकतात. तरंगांचे क्षेत्र त्यांस पुढे-मागे हुसकावीत राहते आणि त्या धावपळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने द्रव्यातच उतरते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेचे पी. ए. हास यांनी युरेनियमची ऑक्साइडे मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापविण्याविषयीचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध केला. दक्षिण कोरियातील अणुसंशोधकांनी २००४ साली युरेनियम डाय-ऑक्साइडच्या गुटिकांचे सूक्ष्मतरंगांनी केलेले तापपिंडन वर्णन केले.

येथे उष्णता बाहेरून आत शिरत नाही, ती गुटिकेच्या अंतरंगातच उत्पन्न होते. त्यामुळे भट्टीच्या भिंती तापविण्यात शक्ती वाया जात नाही. उष्णता आत झिरपण्याची वाट पाहावी लागत नसल्याने तापमान वेगाने चढविता येते. अनेक मृत्तिकाद्रव्यांच्या बाबतीत भट्टीतील तासांचे काम प्रयोगशाळेत मिनिटांवर आल्याचे अनुभव नमूद झालेले आहेत. हवाबंद पेटीच्या दृष्टीने आणखी एक सोय अशी की, तरंग निर्माण करणारे यंत्र पेटीच्या बाहेर ठेवता येते आणि धातूच्या नळीवाटे व योग्य खिडकीतून केवळ तरंगच आत सोडता येतात. यंत्र बिघडले तर ते बाहेरच्या बाहेर दुरुस्त होते.

गुणातच दडलेला दोष

एवढे लाभ असता जगातील सारे कारखाने या पद्धतीकडे का वळले नाहीत? उत्तर त्याच गुणात दडलेले आहे.

अर्धसंवाहक जसजसा तापतो तसतसे त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. ते वाढले की द्रव्य तरंग अधिक शोषते. अधिक शोषले की अधिक तापते. समजा, गुटिकेच्या एका कोपऱ्यात तापमान शेजारच्या भागाहून थोडे वाढले. तो कोपरा आता शेजाऱ्यांपेक्षा अधिक शक्ती ओढून घेतो आणि आणखी तापतो. द्रव्य उष्णतेचे चांगले वाहक असते तर हा फरक आपोआप भरून निघाला असता. पण आपण पाहिलेच की ते मंद वाहक आहे. परिणामी एक ठिपका अनावर तापतो व बाकीची गुटिका मागे राहते. भट्टीत अंग तापून गाभा कच्चा राहण्याचे भय होते. येथे उलट, अंगाची उष्णता भोवतालच्या थंड पोकळीत निघून गेल्याने गाभा अधिक तापून अंग मागे राहण्याचे भय असते. एका टोकाचा दोष जाऊन दुसऱ्या टोकाचा दोष आला.

त्यात तरंगांच्या स्वभावाची भर पडते. बंद पेटीत परावर्तित होणारे तरंग एकमेकांत मिसळून काही ठिकाणी प्रबळ व काही ठिकाणी क्षीण होतात. घरातील ओव्हनची ताटली फिरती ठेवलेली असते ती याचकरिता. एक वाटी दूध सारखे तापविणे सोपे. तबकातील शेकडो गुटिकांपैकी प्रत्येकीस सारखाच ताप देणे अवघड. शिवाय एवढ्या उच्च तापमानाचे मापन करावे कसे? धातूच्या तारेचा तापमापक तरंगांच्या क्षेत्रात ठेवला तर तो क्षेत्रच बिघडवितो, प्रसंगी ठिणग्या पाडतो. दुरून तेज पाहून तापमान सांगणारे उपकरण वापरले तर त्यास केवळ पृष्ठभाग दिसतो, आणि येथे तर गाभा पृष्ठभागाहून अधिक तप्त असतो. अणुइंधनाच्या कामी ‘बहुतेक गुटिका चांगल्या निघाल्या’ हे पुरेसे नसते. या कारणास्तव गुटिकांच्या मोठ्या उत्पादनाचे काम मुख्यतः जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांकडेच राहिले आहे.

तारापूरची नाकारलेली गुटिका

तथापि, जेथे आकार व घनता यांचा प्रश्न नाही तेथे सूक्ष्मतरंगांनी आपले स्थान मिळविले आहे. जपानमधील तोकाई येथे १९८३ पासून युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या नायट्रेटांचे मिश्र द्रावण सूक्ष्मतरंगांनी तापवून त्यापासून थेट ऑक्साइड मिळविण्याची पद्धत उपयोगात आणण्यात आली. द्रावणास आकार नसतो, तेव्हा तडा जाण्याची भीतीही नसते.

आपल्याकडील उदाहरण तारापूरचेच आहे. तपासणीत ज्या गुटिकांची कड उडालेली, अंगास चीर गेलेली किंवा घनता कमी भरलेली आढळते, त्या नाकारल्या जातात. परंतु त्या टाकून देता येत नाहीत. त्यांतील प्लुटोनियम मौल्यवान आहे आणि धोकादायकही आहे. त्यांचे पुन्हा चूर्ण करावे तर पाषाणासारखी कठीण गुटिका यंत्रात दळताना धूळ उडते, आणि धूळ हाच तर येथला शत्रू. तारापूरच्या संशोधकांनी यासाठी सूक्ष्मतरंगांची योजना केली. गुटिका हवेत काही शेकडा अंशांपर्यंत तापविली की युरेनियम डाय-ऑक्साइड हवेतील आणखी ऑक्सिजन घेते आणि त्याचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. गुटिकेच्या कणाकणांत हा फुगवटा झाल्याने ती आतूनच उकलते आणि कोणी हात न लावता तिचे चूर्ण होते. हे चूर्ण हायड्रोजनमध्ये तापविले की पुन्हा पूर्वीचे ऑक्साइड मिळते व ते ताज्या चूर्णात मिसळता येते. तापपिंडनात ज्या तडा जाण्याची धास्ती होती, ती येथे कामाची ठरते.

या युक्तीसही मर्यादा आहे. प्लुटोनियमचे ऑक्साइड आणखी ऑक्सिजन स्वीकारीत नाही. म्हणून त्याचे प्रमाण जसे वाढेल तसे गुटिकेचे उकलणे कठीण होत जाते.

थोरियमचा प्रश्न

भारताच्या किनाऱ्यावरील, विशेषतः केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्र प्रदेश येथील वाळूत मोनाझाइट हे खनिज विपुल असून त्यात थोरियम आहे. डॉ. होमी भाभा यांनी आखलेल्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा याच थोरियमवर उभा राहावयाचा आहे. थोरियम डाय-ऑक्साइड हे शुभ्र मृत्तिकाद्रव्य ३,३०० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे ते युरेनियमच्या ऑक्साइडाहूनही तापास दाद न देणारे आहे. मोकळे इलेक्ट्रॉन त्यात जवळजवळ नसल्याने थंड स्थितीत ते सूक्ष्मतरंग फारसे शोषीत नाही. चिनी मातीच्या बशीप्रमाणे तरंग त्यातून आरपार जातात. आणि ते आणखी ऑक्सिजनही घेत नाही, त्यामुळे नाकारलेली गुटिका आपोआप उकलण्याची सोयही येथे उपलब्ध नाही.

पहिल्या अडचणीवर एक उपाय आहे. गुटिकांभोवती सिलिकॉन कार्बाइडसारख्या तरंगशोषक द्रव्याचे कवच ठेवतात. आरंभी तरंगांनी कवच तापते आणि ते भट्टीप्रमाणे गुटिकांस बाहेरून ऊब देते. गुटिका पुरेशी तापली म्हणजे ती स्वतःच तरंग शोषू लागते. अशा रीतीने अंगास कवचाची आणि गाभ्यास तरंगांची उष्णता मिळून दोन्हींतील अंतर कमी होते. जुनी भट्टी आणि नवे तरंग यांची ही सांगड युरेनियमच्या गुटिकांसही उपकारक ठरते.

हा मार्ग प्रयोगशाळेतून कारखान्यात पोहोचावयाचा तर शेकडो गुटिकांस सारखा ताप देणे आणि गाभ्याचे तापमान अचूक जाणणे, या दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. तोवर पारख जुनीच राहील. गुटिका कोणत्या उष्णतेने भाजली हे अणुभट्टी विचारीत नाही. गुटिका तोलून, मोजून आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तिचा गाभा आणि तिचे अंग सारखेच भाजलेले दिसावे, एवढीच तिची मागणी असते.